शेंदराचे खेकडे

तीनशे बारावा खेकडाही कोराच निघाला. अच्युत लिमयेनं तो उन्हात धरला, पाठीवरचा चिखल अंगठ्यानं पुसला, पोटाकडून पाहिला, पुन्हा पाठीकडून पाहिला. मग टोपलीत टाकला आणि वहीत शून्य मांडलं. हे सातव्या दिवसाचं शून्य. आधीच्या सहा दिवसांची सहा शून्यं वरच्या ओळींत बसून होती.

"मास्तर, आजून आनू का?" सावळारामनं विचारलं. हिर्डोशीतला हा शेतकरी रोज सकाळी खाचरांतून खेकडे धरून टोपलीभर आणून द्यायचा आणि मोजून झाले की कालवणाला परत न्यायचा. त्याला या शास्त्रात काहीच खोट दिसत नव्हती.

"एकाच्याही पाठीवर लाल ठिपका कसा नाही, सावळाराम?"

"आता आमी काय सांगावं," सावळाराम म्हणाला, आणि टोपली डोक्यावर घेऊन जरा घाईनंच गेला.

अच्युत पडवीत आडवा झाला. अंगात कसर होती, हिवतापावर घेतलेल्या कोयनेलनं कान गुणगुणत होते, आणि भाद्रपदाच्या उन्हानं डोकं उठलं होतं. आपण आडवे झालो आहोत की कोसळलो आहोत, हेही त्याला नीट सांगता आलं नसतं.

पुण्याच्या कॉलेजात त्या साली, म्हणजे छत्तीस साली, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला प्राणिशास्त्र घेतलेली चारच मुलं होती. त्यांच्या प्राध्यापकांच्या डोक्यात आलं की टेबलावरचा मेलेला बेडूक काय कुणीही फाडतो. आपल्या मुलांनी जिवंत प्राण्याबद्दल काहीतरी स्वतः शोधून आणावं. एकानं पर्वतीची वटवाघळं घेतली. एकानं मुठेतले मासे घेतले. तिसऱ्या हुशारानं आईच्या तुळशीच्या कुंड्यांतली गांडुळं घेतली आणि घरच्या घरी, दुपारचा चहा घेत, संशोधन उरकलं. अच्युतनं वर्गात एकदा सहज सांगितलं होतं की आपला मामा भोरला असतो. तेवढं बोलणं त्याला नडलं. भोरकडच्या हिर्डोशी गावचे भाताच्या खाचरांतले खेकडे त्याच्या वाट्याला आले.

काम ऐकायला सोपं होतं. दोनशे खेकडे धरायचे, पाठीवर रंगाचा ठिपका द्यायचा आणि जिथले तिथं सोडायचे. महिनाभरानं पुन्हा खेकडे धरायचे. त्यांत दहातला एक ठिपक्याचा निघाला, तर आपले दोनशे हा एकूण खेकड्यांचा दहावा भाग, म्हणजे गावच्या खाचरांत दोन हजार खेकडे आहेत असं समजायचं. विलायतेत पाखरांची, माशांची मोजदाद अशी करतात म्हणे. प्राध्यापकांना आकडा हवा होता. आकडा असलेला अहवाल दसऱ्याच्या आत टेबलावर आला तरच ते टर्म भरल्याची सही देणार होते, आणि सही नाही तर परीक्षा नाही. गेलं वर्ष अच्युतचं विषमज्वरात गेलेलं. वाईहून वडिलांनी पत्र लिहून बजावलं होतं की तिसऱ्यांदा वर्ष नाही. यंदा झालं नाही तर गावच्या शाळेत मास्तरकी धरायची.

आता दोनशे ठिपक्यांपैकी एकही दिसत नव्हता. शून्यानं भागाकार होत नाही हे तर चौथीतल्या पोरालाही ठाऊक असतं.

तो उतरला होता फुलाबाईंकडे. फुलाबाई साठीच्या, नवरा वारलेला, एकुलती लेक पासलीला दिलेली. घर दोन खणांचं आणि शेत एकच, भैरोबाच्या देवळापुढचं खाचर. श्रावणात अच्युत पहिल्यांदा आला तेव्हा भात स्वतः शिजवून घ्यायचा. ते सोवळं पहिल्या आठवड्यातच हिर्डोशीच्या पावसात वाहून गेलं आणि तो चुलीपुढं बसून फुलाबाईंची नाचणीची भाकरी खाऊ लागला. बाई बोलायच्या कमी. पहाटे उठून कुठंतरी जायच्या आणि उन्हं वर आली की कोपरापर्यंत चिखलानं भरलेल्या परत यायच्या. मधे पुण्याला जाऊन तो परत आला, तर या खेपेला त्या चालताना कमरेवर हात ठेवत होत्या. अच्युतनं ते पाहिलं होतं. खेड्यातल्या बाईला कामं असायचीच, असं समजून तो आपल्या शून्यांकडे वळला होता. आपल्या दुखण्याचं माणसाला जेवढं कौतुक असतं तेवढं दुसऱ्याच्या कमरेचं नसतं.

आठव्या दिवशी त्याला तांबडं फुटतानाच थंडी वाजून जाग आली. गरम पाणी मागावं म्हणून तो उठला, तर चूल गार आणि फुलाबाई गायब. घोंगडी पांघरून तो त्यांना शोधत देवळाकडे गेला. त्या खाचराच्या बांधावर उकिडव्या बसल्या होत्या. बांधाच्या पोटातून पाण्याची धार लागली होती. बाईंनी चिखलाचा गोळा केला, भोकात कोंबला, तळव्यानं थापला. तीन हातांवर दुसरी धार होती. त्या तशाच उकिडव्या सरकल्या आणि दुसरा गोळा केला. तिसऱ्या बिळाच्या तोंडाशी एक मोठा खेकडा नांग्या उगारून बसला होता. बाईंनी चिखलाचे हात जोडले, कपाळाला लावले, आणि गवताच्या काडीनं त्याला हळूच बाजूला सारलं.

त्याच्या पाठीवर लालभडक ठिपका होता.

अच्युतच्या अंगातली थंडी पळाली. तो बांधावर गुडघे टेकून पाहू लागला. भाताच्या बुडख्यांशी, बिळांच्या तोंडाशी, दगडांच्या सांदीत सगळीकडे त्याचेच ठिपके होते. एका नजरेत त्यानं चाळीस मोजले.

"अहो फुलाबाई, हे माझे खेकडे! हे सगळे इथं कसे आले?"

"तुमचं कसं," फुलाबाई हात न थांबवता म्हणाल्या. "देवाचं हायती. ज्याला घावतो त्यो हितं आनून सोडतो. देवाच्या दारात."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं, आणि अच्युतला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. प्राध्यापकांनी दिलेला विलायती रंगाचा डबा श्रावणात मोटारीतच सांडला होता. म्हणून त्यानं भोरच्या बाजारात शेंदूर घेतला, जवसाच्या तेलात खलला आणि स्वतःच्या हुशारीवर खूष झाला. रंग दगडासारखा पक्का बसला. पाऊस धो धो होता, कोरडी जागा गावात एकच, भैरोबाच्या देवळाचा ओटा. तिथं देवाकडे तोंड करून, श्रावण महिन्यात, जानवं घातलेला एक मुलगा दोन दिवस बसून एकेका खेकड्याच्या पाठीवर शेंदूर लावत होता आणि तो जपून ज्याच्या त्याच्या खाचरात सोडत होता. गावानं दुसरं काय समजावं? बोकड देवाला सोडतात, कोंबडा सोडतात. पुण्याच्या भटानं खेकडे सोडले. त्याचा काहीतरी नवस असेल. पोरगा आजारी तर दिसतच होता.

सावळारामनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की देवळाम्होरल्या खाचरात आमी आता खेकडं धरत न्हाई. अच्युतनं त्या 'आता'चं कारण विचारलं नव्हतं. संशोधकानं प्रश्न विचारावेत असं प्राध्यापक नेहमी सांगायचे, पण ते प्रश्न सावळारामला विचारावेत असं काही त्यांनी सांगितलं नव्हतं.

"म्हणजे श्रावणापासून रोज सकाळी तुम्ही ही बिळं बुजवताय?"

"मग काय करू? त्येस्नी मारता येत न्हाई, हाकलता येत न्हाई. राती ती उकरत्यात, सकाळी म्या लिंपते." फुलाबाईंनी कंबर धरून पाठ सरळ केली. "पाऊस व्हता तवर निभलं. आता धा दिस झालं, थेंब न्हाई. भात फुलोऱ्यात हाय. ह्या आठवड्यात पानी ऱ्हायलं न्हाई तर नुसता भुसा हातात येतो, मास्तर."

अच्युतनं त्यांचे हात प्रथमच नीट पाहिले. बोटांच्या बेचक्यांत पांढऱ्या भेगा पडल्या होत्या. दोन्ही खेपांना तो या हातांची भाकरी खात होता, गेला आठवडाभर दर संध्याकाळी ताटापुढं बसून खेकड्यांच्या शून्याबद्दल कुरकुरत होता, आणि बाई ते निमूट ऐकून घेत होत्या. त्याला स्वतःची विलक्षण लाज वाटली.

पण लाज वाटली म्हणून माणूस लगेच शहाणा होतो असं नाही. पडवीत परत आल्यावर पहिला विचार त्याच्या मनात आला तो दसऱ्याचा. अजून सतरा दिवस होते. हे सगळे ठिपकेवाले धरून पुन्हा गावभर विखरून द्यावेत, गावाला नीट समजवावं, आठ दिवस थांबावं आणि पुन्हा मोजावं. आकडा अजूनही मिळू शकत होता, टर्म वाचू शकत होती. तो तसाच उठून सावळारामकडे गेला आणि त्याला सगळं समजावलं. हा नवस नाही, हा नुसता रंग आहे, बाजारात विकत घेतलेला, मी लावलेला.

सावळारामनं शांतपणे ऐकून घेतलं. "शेंदूर बाजारातलाच असतो, मास्तर. लावतो बी मानूसच. ह्यो भैरोबा काय सोताच्या हातानं लावून घेतो व्हय? पर एकदा लावला की दगूड ऱ्हातो का त्यो?"

"अहो, पण लावताना माझ्या मनात देव नव्हता!"

"तुमच्या मनात नसंल. त्येच्या मनात असंल की."

अच्युतला कळून चुकलं की ठिपका आहे तोवर खेकडा देवाचा, आणि देवाचा खेकडा कुठंही सोडला तरी तो भक्तिभावानं फुलाबाईंच्याच खाचरात परत येणार. ठिपका ठेवायचा तर त्या बाईंचं पीक जाणार. ठिपका काढायचा तर आकडा जाणार. तिसरी वाट एक होती, ती त्यानं संध्याकाळी वहीत पेन्सिलीनं चाचपून पाहिली. तीनशे बारापैकी ठिपक्याचे सापडले एकतीस, म्हणजे एकूण सुमारे दोन हजार. छान दिसत होतं. पण तो एकतीस पाहता पाहता त्याला कमालीचा शीण आला. तो एकतीस आयुष्यभर सांभाळायचा, प्राध्यापकांनी विचारलं की खुलवून सांगायचा, कधी छापला तर पुन्हा वाचायचा. खोटं बोलायलाही अंगात त्राण लागतं. त्यानं तो खोडरबरानं पुसला आणि झोपून गेला.

सकाळी तो गेनबा गुरवाकडे गेला. गेनबा भैरोबाची पूजा करायचा, आणि गावात त्याच्या शब्दाला मान होता. अच्युत म्हणाला, "मी लावलेला शेंदूर मला काढायचा आहे. देवाची परवानगी कशी घेतात?"

गेनबानं त्याला खालून वर न्याहाळलं. "कौल लावू. उजवं दिलं तर काढा. डावं दिलं तर कुनी काय करू शकनार न्हाई. आन् काय बी दिलं न्हाई, तर बसायचं."

म्हणून दोन महिन्यांनी अच्युत लिमये पुन्हा त्याच ओट्यावर, त्याच देवापुढं बसला. गेनबानं भैरोबाला पाणी घातलं आणि पांढऱ्या फुलाच्या दोन ओल्या पाकळ्या दगडाच्या दोन खांद्यांवर चिकटवल्या, एक उजव्या, एक डाव्या. गाऱ्हाणं घातलं. गावातली पंधरा-वीस माणसं खाली बसली. पाकळी काही पडेना. ऊन ओट्यावर चढलं. लोक तंबाखू मळू लागले. पाण्याचं वाळणं, पाकळीचं वजन, वाऱ्याची दिशा या सगळ्याचा विचार अच्युतला करता आला असता. त्यानं केला नाही. दुपारपर्यंत तो उजव्या पाकळीकडे असा टक लावून बसला की विद्यापीठाच्या निकालाच्या फळ्याकडेही तो कधी तसा बसला नव्हता. पड, एवढंच तो मनात म्हणत होता.

गेनबानं तिसऱ्यांदा गाऱ्हाणं घातलं. तेवढ्यात फुलाबाई उठल्या. त्या मागं बायकांत बसल्या होत्या. कमरेवर हात ठेवून त्या ओट्यापाशी आल्या.

"देवा," त्या म्हणाल्या, अगदी रोजच्या आवाजात, "तुजं म्या दोन म्हैनं सांबाळलं. आता माजी कंबार गेली बग. तुला ठिवायचं असलं तर ठिव, पर उद्यापास्नं बांद तूच लिंप."

कुणी हसलं नाही. थोड्या वेळानं उजवी पाकळी सुटली, दगडावरून घसरली आणि ओट्यावर पडली. वारा आला असेल, ती वाळली असेल. ज्याला जे मानायचं ते त्यानं मानावं. अच्युतच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तापामुळं आलं असं त्यानं स्वतःलाही सांगितलं नाही.

मग दोन दिवस खरवडणं चाललं. गावानं हौसेनं खेकडे धरून दिले. उजवा कौल मिळाल्यावर कुणाचीच हरकत नव्हती. फुलाबाई एकेका खेकड्याच्या नांग्या धरून बसायच्या आणि अच्युत बेडूक फाडायच्या पेटीतल्या सुरीनं पाठीवरचा शेंदूर खरवडायचा. शेंदूर आणि जवसाचं तेल, तो काय सहज निघतोय. बोटं कापली, नांग्यांनी चिमटे काढले, पाठ भरून आली. एकेक लाल खपली खाली पडत होती आणि त्याबरोबर त्याची टर्म, परीक्षा, पुणं, सगळं थोडं थोडं निघून चाललं होतं. त्याला हे कळत होतं. सुरी ठेवून द्यावी असं दोनदा वाटलंही. पण समोर त्या भेगांचे हात खेकडा धरून थांबलेले असायचे, म्हणून तो पुढचा घ्यायचा. दोन दिवसांत एकशे सत्तेचाळीस झाले. बाकीचे कुठं गेले, मेले की आणखी काय, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

खरवडलेले सगळे सावळारामनं टोपल्यांत भरले. त्या संध्याकाळी हिर्डोशीत घरोघर कालवणाचा वास सुटला. फुलाबाईंच्या चुलीवर मात्र नुसती आमटी होती.

"तुम्ही नाही घेतले खेकडे?" अच्युतनं विचारलं.

"दोन म्हैनं हात जोडल्यात त्येस्नी. आता खाऊ कसं?" त्या भाकरी थापत म्हणाल्या. मग जरा थांबून विचारलं, "तुमचा आकडा घावला का, मास्तर?"

"नाही."

"मग आता?"

"आता वाईला शाळेत शिकवायचं. तुम्ही मला पहिल्या दिवसापासून मास्तरच म्हणताय ना."

फुलाबाईंना पुरतं कळलं नसावं, पण काहीतरी कळलं. त्यांनी त्याच्या ताटात गरम भाकरी वाढली आणि म्हणाल्या, "उद्या निगताना मला उठवा. भोरपतुर आठ कोस हाय. वाटंला भाकर बांदून देते."

सकाळी त्याला सवयीनं लवकर जाग आली. आधी तो खाचरावर गेला. पाणी खाचरात टिकून उभं होतं आणि आंबेमोहोराचा वास सुटला होता. एके जागी बारीक धार लागली होती. एखादा बिनशेंदराचा खेकडा, ज्याला कुणी कधी मोजला नव्हता, रात्री काम करून गेला होता. अच्युतनं चिखलाचा गोळा करून भोकात कोंबला. तो सुटून आला. त्यानं दुसरा केला, फुलाबाईंसारखा तळव्यानं थापला, आणि धार थांबेपर्यंत हात तसाच दाबून धरला.

घरी आला तेव्हा उन्हं पडवीत शिरली होती. फुलाबाई भिंतीकडे तोंड करून मंद घोरत झोपल्या होत्या. त्यांच्या पायांवर ऊन आलं होतं तरी जाग नव्हती. या घरात सूर्य उगवल्यावर ही बाई झोपलेली त्यानं कधी पाहिली नव्हती.

तो उंबऱ्यावर बसला. अहवालाचे कागद काढले. शेंदूर, देऊळ, कौल, खरवडणं, सगळं त्यानं काल रात्री लिहून ठेवलं होतं. आकड्याची ओळ तेवढी कोरी होती. प्राध्यापक तिथं आधी बघणार आणि सही करायची लेखणी खाली ठेवणार, हे त्याला माहीत होतं. 'हिर्डोशी येथील खाचरांतील खेकड्यांची एकूण संख्या' यापुढं त्यानं लिहिलं, 'माहीत नाही', आणि खाली आपलं नाव घातलं.

उठवायचं कबूल केलं होतं. दुपारची मोटार गाठायची तर आताच निघायला हवं होतं, आणि आठ कोस उपाशी म्हणजे थोडं नव्हे. तो फुलाबाईंच्या उशाशी जाऊन उभा राहिला. मग कोपऱ्यातली घोंगडी उचलून त्यानं त्यांच्या पायांवरच्या उन्हावर घातली, पिशवी खांद्याला लावली, आणि चपला हातात घेऊन आवाज न करता अंगणाबाहेर पडला.